फुकटचा सप्लाय

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात बुद्धप्रिया अकरा वर्षांपासून भौतिकशास्त्र शिकवत होती. गेल्या उन्हाळ्यात तिनं घरच्या घरी, स्वतःच्या हातानं एक कॉम्प्युटर जोडला, आणि तेव्हापासून लोकांना तिच्याशी बोलायची जरा धास्तीच बसली. कुणी नुसतं "कशा आहात मॅडम?" विचारलं तरी तिसऱ्या वाक्याला गाडी मदरबोर्डवर यायची. दातांच्या डॉक्टरकडं तोंडात कापूस असतानाही तिनं प्रोसेसर कसा बसवायचा ते हातवारे करून समजावलं होतं. डॉक्टरांनी घाईनं दात काढून मोकळं केलं.

कॉम्प्युटर नुसता मिरवायला नव्हता, हेही खरं. चाकूरच्या बुद्धविहारात दर रविवारी संध्याकाळी अकरावी-बारावीची तीसेक मुलं जमायची. लातूरचे क्लास ज्यांच्या आवाक्यात नाहीत अशी. बुद्धप्रिया आठवडाभरात एक धडा रेकॉर्ड करायची, कापून-जोडून नीट करायची आणि पाठवायची. तिची मावसबहीण विशाखा तो विहारातल्या मोठ्या टीव्हीवर लावायची. सात महिन्यांत एकही रविवार चुकला नव्हता.

त्या गुरुवारी दुपारी धड्याचा व्हिडिओ तयार होत होता आणि स्क्रीन एकदम काळी झाली. बटण दाबलं की आतला पंखा अर्धी गिरकी घ्यायचा आणि गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धी गिरकी.

खाटेवर तिचे वडील नरसिंगराव शेंगा फोडत बसले होते. औसा तालुक्यात तीस वर्षं लाइनमनकी करून ते निवृत्त झाले होते आणि आता लेकीकडं राहात होते.

"सप्लाय बघ गं आधी," ते म्हणाले.

"बाबा, हा खांब न्हाई," बुद्धप्रिया म्हणाली. "कॉम्प्युटर हाय. ह्याच्यात पद्धतशीर जावं लागतं."

मग ती पद्धतशीर गेली. रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. ग्राफिक्स कार्ड काढलं. सगळ्या वायरी उपसून पुन्हा बसवल्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत टेबलावर एवढे स्क्रू झाले होते की एका कॉम्प्युटरमधून दोन कॉम्प्युटर निघतील असं वाटावं. पंखा मात्र अर्ध्या गिरकीवर ठाम होता.

शेवटी तिनं सप्लाय, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा पत्र्याचा डबाही तपासला, बाबांनी पुन्हा नाव काढायला नको म्हणून. त्याचा मदरबोर्डात जाणारा मोठा प्लग काढून त्यातली हिरवी वायर काळीला यू-पिननं जोडली. सप्लायचा पंखा भुर्रकन फिरायला लागला. मल्टिमीटर लावला.

"बारा पॉइंट एक व्होल्ट! पाच! तीन पॉइंट तीन! बघा बाबा, सप्लाय एकदम ठणठणीत. म्हणजे मदरबोर्ड गेला."

नरसिंगरावांनी तोंड उघडलं होतं, पण तोवर लेकीनं समजावायला सुरुवात केली होती. तिचं समजावणं सवयीनं पंचेचाळीस मिनिटं चालतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उघडलेल्या तोंडात एक शेंगदाणा टाकला आणि मिटून घेतलं.

शनिवारी सकाळी ती एसटीनं नांदेडला निघाली. सगळे भाग तिथल्याच शिवकुमारच्या दुकानातून घेतलेले होते. मदरबोर्डाचा खोका तिनं मांडीवर असा धरला होता, जणू बारशाला निघालीय. शेजारच्या बाईंनी अहमदपूरपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "मिठाई हाय का वो?"

"मदरबोर्ड आहे," बुद्धप्रिया म्हणाली आणि आनंदानं त्यांच्याकडं वळली. बाईंनी डोळे मिटून घेतले.

वाटेत विशाखाचा फोन आला. "ताई, उद्याचं काय? लेकरं विचारून राहिली."

"बोर्ड गेलाय गं. मी शोधून काढलं. बदलून आणते, काळजी करू नको."

शिवकुमारच्या दुकानात शनिवारची गर्दी होती. त्यानं बोर्ड प्रोसेसर-रॅमसकट आपल्या टेबलावर ठेवला, स्वतःचा सप्लाय जोडला, स्क्रीन लावली आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर चालू झाला. पहिल्याच दणक्यात, निर्लज्जासारखा.

"बोर्ड चांगलाय मॅडम."

"पुन्हा बंद करून लावा."

त्यानं पुन्हा लावला. पुन्हा चालू झाला. मागं उभी असलेली गिऱ्हाइकं आता पुढं वाकून बघायला लागली.

"सप्लाय तो कॅबिनेटसंगं आलेला फुकटचाच हाय ना अजून?" शिवकुमारनं विचारलं. "मी म्हणलो होतो तेव्हा, चांगला घ्या. तुम्ही म्हणल्या, पॉवर म्हणजे पॉवर, त्यात काय चांगली-वाईट."

एक गिऱ्हाईक हसलं. बुद्धप्रियाला हे वाक्य आठवत होतं. तेव्हा ते तिला फार शास्त्रशुद्ध वाटलं होतं.

"सप्लाय मी मीटरनं तपासलाय," ती म्हणाली. "बारा पॉइंट एक."

"मग मला काय माहीत मॅडम. बोर्ड तर चालू हाय."

परतीच्या एसटीत खोका मांडीवर नव्हता, पायाशी होता. शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांनी स्वतःहून विचारलं, "काय हाय खोक्यात?" बुद्धप्रिया म्हणाली, "मिठाई."

रविवारी सकाळी तिनं बाबांना सगळं सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं, त्यामुळं ते घाबरलेच. त्यांना वाटलं लेकीला ताप आला.

"मीटर बारा दाखवतो, बाबा. बोर्ड चांगला. तरी चालू होईना. मला कळंना झालंय."

आपल्याला कळत नाही असं ती त्यांच्यासमोर दहावीनंतर पहिल्यांदाच म्हणत होती. नरसिंगरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"टेस्टर तर कुठंबी पेटतो बाई. आमच्याकडं शेतकरी यायचे, म्हणायचे, साहेब, लाइट तर हाय, मोटर का उठंना? जाऊन बघावं तर जोड सडलेला. टेस्टरपुरता करंट येतो, मोटर लावली की मान टाकतो. रिकाम्या वायरीवर भरवसा ठेवू नये. लोड टाकून बघावं."

ते उठले, अंगणातल्या जुन्या मोटारसायकलचा हेडलाइटचा बल्ब काढून आणला. तोही बारा व्होल्टचाच. सप्लायच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीला त्यांनी तो जोडला. "आता लाव तुझी पिन."

पंखा फिरला. बल्ब क्षणभर पेटला, पिवळा झाला, लाल झाला. मीटरवरचा आकडा बारावरून दहावर, दहावरून सातवर घसरला आणि सगळं विझलं. बल्ब काढला, पुन्हा पिन लावली: बारा पॉइंट एक. साळसूद.

बुद्धप्रिया मटकन खाटेवर बसली. बल्बपेक्षा तिला दुसरंच लागलं होतं. सेलचा अंतर्गत रोध! मोकळा असताना सेल पूर्ण व्होल्टेज दाखवतो, लोड टाकला की घसरतो. हा धडा ती अकरा वर्षं शिकवत होती. त्यातलं तिचं उदाहरण कॉलेजात गाजलेलं होतं: लग्नघरात सगळेच म्हणतात, काही लागलं तर हक्कानं सांगा, खरं कोण ते पंगतीत वाढायला उभं केल्यावर कळतं. पोरं दरवर्षी हसायची. आणि स्वतःच्या घरात तिनं "हक्कानं सांगा" म्हणणाऱ्याला शाबासकी देऊन, राबणाऱ्या बोर्डाला नांदेडपर्यंत फिरवून आणलं होतं.

"हे मी शिकवते, बाबा," ती म्हणाली. "दरवर्षी. दोन तास."

"मग समजायला बराच वेळ लागत असंल पोरान्ला," नरसिंगराव म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं.

आता त्यांना भारी उत्साह आला होता. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते सप्लायचं झाकणच उघडायला निघाले. "बघू तरी, आत काय सडलंय."

"बाबा, हात काढा!" ती इतक्या जोरात ओरडली की स्क्रू-ड्रायव्हर खाली पडला. "वायर काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठलेला राहतो. चांगला दणका देतो."

नरसिंगरावांनी हात मागं घेतला. "वायर काढल्यावरबी?"

"हाव."

"हे मला माहीत न्हवतं," ते म्हणाले, आणि डबा आदरानं दूर सरकवला. बुद्धप्रियाला तेवढ्यावर निम्मं बरं वाटलं. तिनं कपॅसिटरविषयी पुढं काहीच समजावलं नाही. फार सोसावं लागलं, पण नाही समजावलं.

गंजगोलाईच्या बाजारात एक कॉम्प्युटरचं दुकान रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं. तिथून दोघांनी नवा, चांगल्या वजनाचा सप्लाय आणला. निवडताना तिनं एकच प्रश्न विचारला: "लोडवर किती टिकतो?" दुकानदारानं मानानं नरसिंगरावांकडं बघितलं, कारण प्रश्न त्यांनीच पढवला असणार असं त्याला वाटलं. ते बरोबरच होतं.

दीड वाजता बटण दाबलं. पंखा पूर्ण फिरला आणि फिरतच राहिला. गुरुवारी अर्ध्यावर राहिलेल्या धड्याची फाइल शाबूत होती. चारला व्हिडिओ तयार झाला.

"ह्याच्यावर तू करतीस तरी काय, दाव बरं," नरसिंगराव म्हणाले. सात महिन्यांत त्यांनी असं पहिल्यांदाच विचारलं होतं. बुद्धप्रियानं खुर्ची ओढून त्यांना समोर बसवलं, आवाज मोठा केला आणि धडा लावला. ते हात जोडून, लक्ष देऊन बघायला लागले. चौथ्या मिनिटाला त्यांची मान छातीवर आली. पाचव्याला ते घोरायला लागले.

तिनं व्हिडिओ थांबवला. तिची प्रस्तावना अजून चालूच होती. मुद्दा सातव्या मिनिटाला यायचा होता. बाबांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद करून तिनं पहिली सहा मिनिटं कापून टाकली आणि उरलेला धडा विशाखाला पाठवून दिला.

साडेसातला विशाखाचा फोन आला. "ताई, आजचा धडा लेकरान्ला लई आवडला. दोनदा लावायला लावला."

"का गं? काय आवडलं?"

"म्हणतात, मॅडम आज डायरेक मुद्द्यावर आल्या."