चेहऱ्यावरचं कापड

बाळ सकाळी जन्मलं ते रडलंच नाही. डॉक्टर सांगायचं ते सांगून गेले आणि पुढचं सगळं नेहमीप्रमाणे सिस्टरच्या वाट्याला आलं.

खोलीत सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा नवरा दाराबाहेर, बाळाच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून उभा. सासूबाईंनी मात्र कंबर कसली होती.

"तिला दाखवू नका हं सिस्टर. न पाहिलेलं विसरता येतं."

हे वाक्य सिस्टरच्या घरातलंच होतं. तिच्या जन्माआधी आईला एक मुलगा झाला होता, असाच, न रडलेला. असंच काहीबाही बोलून त्याला नेलं होतं. आईने त्याला पाहिलं नाही आणि जन्मभर विसरलीही नाही. महिन्यापूर्वी ती गेली.

"सुनेने मागितल्याशिवाय नाही दाखवत," सिस्टर म्हणाली. "पण छकुलीला अंघोळ घालायचीय. येता मदतीला?"

"मी?"

"आजी असताना आणखी कोण?"

शेजारच्या छोट्या खोलीत सिस्टरने पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार मिसळलं.

"आता कोमट कशाला?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"गार पाण्याने आपले हात आखडतात. मग उरकून टाकल्यासारखं होतं."

सासूबाई पुढे झाल्या. मान कशी धरायची ते त्यांना सांगावं लागलं नाही. टॉवेलात गुंडाळून झाल्यावर सिस्टरने अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "कुणावर गेलीय?"

जित्या बाळाभोवती दोन घराणी या प्रश्नावरून भांडतात. मेलेल्या बाळाला तेवढंही भांडण मिळत नाही. म्हणून ती मुद्दाम विचारायची.

सासूबाई पाहत राहिल्या. "कान आमचे. हिच्या बापाचेही असेच, सताड उघडे." मग जरा नाइलाजाने, "नाक मात्र विहीणबाईंचं. लग्नातच म्हटलं होतं मी, मुलगी द्या, नाक तेवढं तुमच्याकडेच ठेवा." त्यांना हसू फुटलं आणि हसता हसताच त्या टॉवेलावर वाकल्या.

सुनेच्या खोलीत त्या आपणहून गेल्या. पलंगाच्या कडेला टेकल्या.

"तुझं नाक घेऊन आलीय गं ती. माझं काही चाललं नाही."

भिंतीकडून उत्तर आलं. "माझ्या नाकाला काय झालंय?"

"मग तूच बघून सांग."

सून वळली. "आणा."

सिस्टरने बाळ आणलं, नवऱ्यालाही आत घेतलं. त्याने पिशवीतून टोपडं काढलं. सिस्टर दार ओढून बाहेर आली.

घरी बाबा तिच्या गणवेशाला इस्त्री करत होते. हे आईचं काम.

"बाबा, बाहीला दोन घड्या पडल्यात."

"एक फुकट."

ती टेबलापाशी बसली. परक्यांना विचारलेला तो प्रश्न तिने आईला कधी विचारला नव्हता. "तू अगदी ह्यांच्यावर गेलीस," आई म्हणायची, "माझ्यावर गेलेला तो..." आणि वाक्य तिथेच सोडायची. आईच्या शेवटच्या आजारात लेक उशाशी बसून असायची. नाडी पाहिली, सलाईन पाहिलं. हे वाक्य पुरं करून घ्यायचं राहून गेलं.

"बाबा, दादाला तुम्हीच नेलं होतं ना? कसा होता?"

"तुझ्या आईवर गेला होता," पाठ केल्यासारखं बाबा म्हणाले. मग त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "असं मी तिला सांगितलं."

"म्हणजे?"

"तोंडावर कापड होतं. तसाच हातात दिला त्यांनी. वाटेत थांबलो, कापडाचा कोपरा धरला. नाही उघडवलं. घरी आल्यावर तिने विचारलं, एकदाच. काहीतरी द्यायला हवं होतं तिला. म्हटलं, कपाळ तुझं, हनुवटी तुझी. पुढे पुढे मलाही तो तसाच दिसायला लागला."

आई आरशासमोर हनुवटी वर करून उभी राहायची. बराच वेळ. "पुरे आता, आहेस तू सुंदर," असं म्हणून लेक तिला चिडवायची, आणि आई आरशासमोरून बाजूला व्हायची.

"चुकलं का गं माझं?"

वॉर्डात देतात तसली उत्तरं तिच्याकडे बरीच होती. त्यातलं एकही तिला या घरात काढवेना.

"तुमच्या वॉर्डात काय करतात अशा वेळी?"

"कापड उघडतो."

बाबांची मान खाली गेली.

"पण एकट्याला नाही उघडायला लावत, बाबा. कुणीतरी शेजारी उभं असतं."

बाहीवरच्या नको असलेल्या घडीवर बाबांनी पाणी शिंपडलं आणि इस्त्री पुन्हा उचलली. तिने उठून बाहीचं दुसरं टोक ताणून धरलं.