तुरुंगाचं भाडं

अमेरिकेतल्या त्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तुरुंगातल्या मुक्कामाचं भाडं कैद्यांकडूनच घेत; ते थकलं, म्हणून काउंटीने वर्लीनचं गाडी चालवायचं लायसन्स निलंबित केलं होतं. गावात बस नव्हतीच. कोंबड्यांच्या कारखान्यातली नोकरी टिकवायची तर लायसन्स सुटायला हवं होतं, आणि भाड्याचा हप्ता काउंटीच्या कचेरीत समक्षच भरायचा असा नियम होता.

"एवढ्या लांबून आलीस कशी गं?" पावती फाडत कारकूनबाईंनी आपुलकीने विचारलं.

"चालत."

चर्चमध्ये वर्लीनसोबत गाणारा पोलीस डेप्युटी ओडेल दाराशीच उभा होता. बाहेर लावलेला तिचा पिकअप ट्रक त्याने पाहिला.

"अठरा मैल? बूट मजबूत दिसतात तुझे." त्याने हात पुढे केला. "किल्ली दे, वर्लीन. तुला आत टाकलं तर भाडं आणखी चढेल."

उपकारच म्हणायचे. वर्लीनने रीतसर आभार मानले आणि खरोखरच चालू लागली. पहाटे पाचला तिची पाळी होती.