आबांच्या घरात कुणाला दुखत नाही

सुभानरावांच्या शहरातल्या वाडी भागातल्या घरात कुणाला काही दुखत नसे. पूर्वज संस्थानच्या पलटणीत होते. कळ आली तरी तोंड वाकडं करायचं नाही, ही शिस्त तेवढी सुभानरावांच्या वाटणीला आली आणि त्यांनी ती आठ वर्षांच्या नातीला, राजनंदिनीला, मन लावून शिकवली. आखाड्यात लाठी फिरवताना बोट ठेचलं तरी पोरगी हूं की चूं करत नसे, आणि आबा ते चारचौघांत सांगत.

त्यातूनच पंचाईत झाली. कालपासून तिला ताप होता, उलट्या होत होत्या. सर्जननी पोट दाबून पाहिलं, तर ती म्हणाली, दुखत नाही. अपेंडिक्स असेल तर फुटायच्या आत काढायला हवं. नसेल तर पोरीचं पोट उगाच कशाला कापायचं? त्यांनी सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं.

मांजलपूरच्या सोनोग्राफी क्लिनिकमध्ये बाकांवर सगळ्या गरोदर बायका. त्यांच्यात मिशाळ सुभानराव अंग चोरून बसले. शेजारच्या गुजराती बेननी सुनेला कितवा महिना, म्हणून विचारलंच. त्यांच्या पत्नी जिजाबाईंनी हसू दाबायला तोंडावर पदर धरला.

आत डॉक्टर अवंतीनं नंदिनीच्या पोटाला गार जेल लावलं आणि उजवीकडे यंत्राची मूठ हळूहळू दाबत नेली. दुखतं का? नंदिनीनं आधी आबांकडे पाहिलं, मग मान हलवून नाही म्हटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा नजर आबांकडे, पुन्हा नाही. हे आता कुठे सुभानरावांच्या ध्यानात आलं.

अवंतीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. चांगलं आतडं दाबलं की चपटं होतं, ते तिनं करून दाखवलं. शेजारची जाड नळी मात्र होती तशीच फुगलेली राहिली.

"हे अपेंडिक्स. सुजलंय. कितीही दाबा, दबत नाही. तुमच्याच घराण्यातलं दिसतंय."

सुभानराव नातीजवळ वाकले. "नंदू, माझ्याकडे बघू नकोस. खरं सांग."

"खूप दुखतंय, आबा." आणि तिनं भोकाड पसरलं.

त्याच दुपारी ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलं नव्हतं. वेळेवर आणलंत, असं सर्जन म्हणाले. सुभानरावांनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले, डॉक्टरबेनना वेगळा पुडा धाडला.

दुसऱ्या दिवशी नंदिनी उशीत तोंड खुपसून पडली होती. आपण रडलो हे आखाड्यात कळलं का, एवढंच तिला हवं होतं. सुभानराव खुर्ची ओढून बसले.

"माझा गुडघा दुखतो," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."

नंदिनीनं डोकं वर काढलं. जिजाबाईंच्या हातातलं मोसंबं तसंच राहिलं.

"अहो, आणि मी समजत होते, माझ्याबरोबर खंडेराव मार्केटात यायची तुम्हाला लाज वाटते. इतकी वर्षं भाजीच्या पिशव्या मी एकटी वाहिल्या."

"पिशव्यांचं काय ते नंतर बघू."

"नंतर कशाला? आता दवाखान्यातच आहात. दाखवून घ्या."

नंदिनी खदखदून हसायला लागली आणि मध्येच टाक्यांवर हात धरून कळवळली. "आजी, हसवू नका ना. दुखतंय."

"दुखणारच," सुभानराव म्हणाले, आणि गुडघा चोळत स्वतःही हसायला लागले.