भांडण थांबलं म्हणून

जमुनाने सकाळपासून भाकरीला हात लावला नव्हता. आदल्या रात्रीही नुसतं पाणी पिऊन झोपली होती. माझा भाऊ खुशालराव याची ही धाकटी, पाच वर्षांची. तिची आई माणिकबाई म्हणाली, नखरे आहेत, भूक लागली की जेवेल. नखऱ्यांना मी भीक घालत नाही, पण पोरीचे डोळे खोल गेले होते.

घरात बसायला जागा नव्हती. सगळ्या खोल्या कापसाने भरलेल्या. भाव अजून चढेल म्हणून भावाने हिवाळाभर माल दाबून ठेवला, आणि चैत्रात गाड्या भरून अमरावतीला नेला. भरल्या गाड्या तशाच परत आल्या. कापूस पुन्हा आत टाकता टाकता आमच्या पाठी मोडल्या. त्या वैतागात माणिकबाई पोरीला बोलून गेली, की सीतादहीचा भात तू उष्टा केलास म्हणून हे झालं. शेवटच्या वेचणीला शेतात दहीभाताची पूजा मांडली होती आणि नैवेद्य दाखवायच्या आधीच जमुनाने त्यात बोट बुडवून चाटलं होतं, हे खरं. तेव्हा सगळे हसले होते. माणिकबाई बोलली आणि विसरली, पोर विसरली नाही.

अंगणात तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या तोंडून हे कळलं, आणि मला भावजयीचा असा राग आला! माल दाबला मोठ्यांनी, आणि खापर फोडलं या चिमुरडीवर.

खोटंनाटं सांगून पोरांना गप्प करणं मला कधी आवडलं नाही. हिला खरं कारण सांगायचं, असं मी ठरवलं. भाकर करपते ती जाळ जास्त झाला म्हणून, बाहेर कावळा ओरडला म्हणून नव्हे. एवढं तिला पटलं. मग भावाने बाजारात जे ऐकलं होतं, ते मी तिला सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका मुलखात लोक आपसात लढत होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, म्हणून साहेबलोक आपला मागत होते. आता ती लढाई थांबली. आता आपल्या कापसाला कोणी विचारत नाही.

तिने मांडीवरून मान वर केली.

"भांडन थांबलं म्हून?"

"हाव."

"पन भांडन थांबलं त चांगलं असते नं, आत्या?"

चांगलंच असतं, म्हटलं. पाठ ठणकत होती. आधी जेव, म्हणाले. ती न जेवताच उठून गेली.

थोड्या वेळाने मागच्या दारी रडारड ऐकू आली. तिचा मोठा भाऊ गोवर्धन, अगदी गरीब स्वभावाचा पोरगा, दंडावर दातांचे वळ घेऊन रडत होता. त्याने काहीच केलं नव्हतं. मी हात उगारूनच गेले. जमुना मुठी आवळून उभी होती आणि त्याच्यापेक्षा जास्त रडत होती.

"म्या भांडन सुरू केलं," ती म्हणाली. "आता जाईन नं आपला कापूस?"

माझा हात तसाच राहिला. पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं होतं, कोणतं भांडण, कुठलं, कोणाचं. तेवढं त्राण माझ्यात उरलं नव्हतं, आणि पोरीचे ओठ सुकले होते.

"जाईन," मी म्हटलं.

तिने तिथेच बसून भाकर मागितली. अर्धी खाल्ली, अर्धी गोवर्धनपुढे सरकवली, पण त्याच्याशी बोलली मात्र नाही. भांडण मिटू द्यायचं नव्हतं तिला.