ब्लॅकगमची घळ

मका सोलायला अख्खी दरी लेफकाकांच्या कोठारात जमली होती. कोपऱ्यात घोड्यांचा दलाल टॉलिव्हर बसला होता, व्हायोलिनसारखं फिडल छातीशी धरून.

"काय पाहुणे, नुसते भाकरी-घेवडा हादडायला आलात होय? वाजवा की!" लेफकाका ओरडले.

टॉलिव्हर हसला आणि त्यानं गज ओढला.

ओर्लीनाच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. ही धून तिच्या भावाची, होबार्टची होती. गेल्या पानगळीत तो जिनसेंगच्या औषधी मुळ्या खणायला निघाला, त्याच्या आदल्या दिवशी चुलीपाशी बसून त्यानं ती फिडलवर बांधली. ऐकायला एकटी ओर्लीना. नाव विचारलं तर म्हणाला, "आल्यावर ठेवू." तो आलाच नाही. शहरात रमला असेल, असं लोक म्हणाले.

होबार्टची डावी करंगळी कुऱ्हाडीखाली गेलेली. वरच्या सुराला बोट पोचायचं नाही, म्हणून तो खालूनच घसरत वळायचा. टॉलिव्हरची बोटं सगळी धड होती. तरी तोही तिथंच घसरला.

ओर्लीनानं कणीस खाली ठेवलं. ती पुढं गेली.

"छान आहे हो. कुठं शिकलात?"

"आजोबांकडून. तिकडं लांब, टेनेसीत."

"नाव असेल ना काही?"

"ब्लॅकगमची घळ," तो सहज बोलून गेला.

ब्लॅकगमच्या झाडांची ती घळ तर इथलीच, डोंगरामागची. जिनसेंग खणणाऱ्यांखेरीज तिकडं कुणी फिरकत नसे. म्हणजे होबार्टची धून यानं तिथंच ऐकली होती.

"पुन्हा वाजवा ना," ती कशीबशी म्हणाली, आणि लेफकाकांच्या कानाशी वाकली. "काका, ब्लॅकगमच्या घळीत माणसं पाठवा. होबार्ट तिथं आहे."

"अगं, पण..."

"हा वाजवतोय तोवर पाठवा!"

काकांनी तिचा चेहरा पाहिला आणि खूण केली. चौघं निघाले, दोघं दारात उभे राहिले. टॉलिव्हरनं ते पाहिलं. गज थांबला.

"तू कुणाची गं?" त्यानं हळूच विचारलं.

"होबार्टची बहीण."

त्यानं फिडल खाली ठेवलं. कणसं सोलणंही थांबलं.

दिवस कलताना माणसं परतली. त्यांच्या हातात पानांखाली कुजलेला कोट होता, बाही ओर्लीनानंच शिवलेली. बाकीचं त्यांनी घोंगडीत गुंडाळून आणलं होतं.

टॉलिव्हरला बांधून तालुक्याला नेलं. वसंतात पोरं ती धून वाजवू लागली, टॉलिव्हरनं सांगितलेल्या नावानंच. ओर्लीनानं ते बदललं नाही.