अम्मीची फुंकर

वाहिदच्या डोळ्यात इंजेक्शन देताना डॉक्टरांनी कुणाला बोलूही दिलं नव्हतं. तोंडाच्या वाफेतून जंतू डोळ्यात जातात म्हणे. खांडबाऱ्याला घरी आल्यापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात अम्मी दुआ पुटपुटत आली आणि डोळ्यावर फुंकर घालायला वाकली.

वाहिद ताडकन उठून बसला. “अम्मी, डोळ्यावर नको!”

तिचा चेहरा एवढासा झाला. लहानपणापासून त्याची सगळी दुखणी तिने फुंकरीनेच पळवली होती. वाहिदने वरमून तळहात पुढे केला. “इथं फुंक.”

अम्मीने फुंकर घातली. सवयीने वाहिद तोच हात डोळ्यांवरून फिरवायला गेला, तशी बायको सालेहाने झडप घालून त्याचं मनगट धरलं.

“आधी साबणाने धुवा!”

वाहिद हात अधांतरी धरून बसला. अम्मीसमोर अम्मीचीच दुआ धुवायची कशी?