खारीक जाणार नाही

“आई, ती वाटी खाली ठेवा. आधी ठेवा!”

सासूबाईंची बोटं खारकेच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबली. वाटीत कोमट खोबरेल तेल होतं, त्यात भीमसेनी कापूर. हॉलभर वास सुटला होता. खारीक पाठीवर पसरून, चारी पाय वर करून वाट बघत होती. पोट चोळणारा कुणीही तिला देवासारखाच.

“अगं, ओरडतेस काय? लहानपणी दर्शनच्या अंगाला खाज सुटली की हेच लावायचे मी. मेला का तो?”

“दर्शन स्वतःचं पोट चाटत नव्हता, आई. ही चाटणार. कापूर पोटात गेला तर कुत्र्यांना झटके येतात.”

“कुणी सांगितलं?”

“डॉक्टरांनी. मी विचारलं होतं.”

मी विचारलंच होतं. मी सगळंच विचारते. मिहिका झाल्यापासून माझं अर्धं आयुष्य विचारण्यात आणि उरलेलं उत्तरं तपासण्यात जातंय. तेल कागदात टिपून, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात टाकून आले, तर सासूबाई पदराला हात पुसत बसल्या होत्या. सांगलीहून विमानाने आणलेल्या कापराचा अपमान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

खारीक आम्हाला इथेच, आखातात, अल मजाजच्या आमच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये सापडली होती. कुणीतरी देश सोडताना तिला गाडीच्या जागेवर बांधून गेलं होतं. रंगावरून नाव पडलं. आणि पहिल्याच वसंतात कळलं, की रस्त्याकडेच्या खजुरांना मोहोर आला की हिचं अंग पेटतं. पंजे लाल, पोट लाल, बोटांच्या बेचक्यात चाटून चाटून ओलं. सोफ्याच्या कडेला पाठ घासते तेव्हा सोफाच भिंतीपासून सरकतो.

“खजुराची ॲलर्जी आणि नाव खारीक,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “ही कुत्री तुझ्यासारखीच आहे बाई. सगळंच उलटं.”

या वर्षी मिहिकाच्या कोपराच्या खोबणीतही लाल चट्टे उठले. झालं. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. दूर रुवैसला रिफायनरीत नोकरीला असलेला माझा नवरा दर्शन रोज फोनवर नवा उपाय सांगायचा. “आपली सर्दीची गोळी अर्धी दे तिला.” मी दिली नाही, कारण त्या गोळीत नाक मोकळं करायचं जे औषध असतं, ते कुत्र्याच्या हृदयाला भारी पडतं. मग उपाय संपले आणि तो म्हणाला, “हे बघ पर्णिका, पोरगी की कुत्रं, एवढंच आहे.”

मी दोघींना आपापल्या डॉक्टरकडे घेऊन गेले. खारकेची त्वचा खरवडून प्राण्यांच्या डॉक्टर फिझांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. “कीड़े नहीं हैं. ये खुजली किसी को नहीं लगेगी, आप बेफिक्र रहिये.” तिच्या वजनाप्रमाणे ठरवलेल्या गोळ्या दिल्या, आठवड्याला औषधी शॅम्पू, आणि फिरून आल्यावर चारी पंजे ओल्या फडक्याने पुसून कोरडे करायचे. बरं होईल का, विचारलं तर म्हणाल्या, “संभालना पड़ेगा. हर साल.”

मिहिकाचीही चाचणी केली. तिच्या हातावर कुत्रा, धूळ, परागकण अशा एकेकाचा थेंब ठेवून टोचलं, आणि कोणता ठिपका फुलतो ते मी बघत बसले. कुत्र्याचा ठिपका फुलला असता, तर मीच खारकेला चांगलं घर शोधून दिलं असतं, रडत का होईना. तो फुलला नाही. धुळीतल्या किड्यांचा फुलला. मी त्याच दिवशी हॉलमधला गालिचा गुंडाळून टाकला आणि मिहिकाच्या उशा कढत पाण्यात धुतल्या.

हे सगळं दर्शनला सांगितलं. तो “हं” म्हणाला.

शुक्रवारी दुपारी तो आला तो रणजितला घेऊनच. रणजित त्याचा कॉलेजचा मित्र, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, शहराबाहेर सजा भागात यंत्रांचं यार्ड. हातात निळी नायलॉनची दोरी.

“चला महाराणी!” रणजितने शीळ घातली. “वहिनी, टेन्शन नको. यार्डात रात्रीची राखण करेल, लेबरची बिर्याणीची हाडं खाईल. ऐश!”

मी दर्शनकडे बघितलं. तो पाण्याची बाटली उघडत होता.

“तिच्या गोळ्या कोण देणार, रणजितभाऊ?”

“गोळ्या?”

“आणि पंजे कोण पुसणार? तुमच्या यार्डाच्या कुंपणाला खजूरच आहेत ना?”

रणजित हसला. “अहो वहिनी, कुत्रं आहे ते! आमच्या फोरमनकडे रामबाण आहे. जळकं इंजिन ऑइल. दोनदा चोळलं की खाज खलास.”

“आणि ते चाटल्यावर कुत्रं खलास.”

“पर्णिका,” दर्शन म्हणाला, “तमाशा नको. ठरलंय.”

“कुणाचं ठरलंय? आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्याचं?”

“डॉक्टर म्हणाली ना, बरं होणार नाही? दरवर्षी हेच करत बसणार आहेस?”

“हो. दरवर्षी. मिहिकाची ॲलर्जीही दरवर्षी येईल कदाचित. मग तिलाही रणजितभाऊंच्या यार्डात ठेवायचं का?”

“अगं, काय बोलतेस!” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “पोटच्या पोरीची बरोबरी कुत्र्याशी?”

“बरोबरी नाही, आई. पोरगी बघतेय, एवढंच.”

मिहिका खरंच बघत होती. तिने खारकेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता. “शी इज नॉट गोइंग,” ती रणजितला म्हणाली. मग शाळेत शिकवल्यासारखं जोडलं, “सॉरी, अंकल.”

रणजितने दोरी हातात गुंडाळायला सुरुवात केली. “दर्शन, घरचं आधी बघ बाबा. मी खाली आहे,” म्हणाला आणि निघून गेला.

दार लागलं. दर्शनने बाटली टेबलावर आपटली. मग म्हणाला, “ठीक आहे. तू आणि तुझं कुत्रं. मी पुढच्या शुक्रवारी येत नाही.”

हा माणूस वाईट नाही. दमतो, आणि दमलेल्या माणसाला घर सोपं हवं असतं. पण सोपं घर करून द्यायला मी कुणाला दारातून बाहेर लोटणार नव्हते.

“नको येऊस,” मी म्हणाले. “आलास तर बूट बाहेर काढ. धूळ घरात नको.”

शॅम्पूचा दिवस होता. मी खारकेला बाथरूममध्ये नेलं आणि पाणी कोमट केलं. पंजे, बगला, पोट, सगळीकडे फेस चढवला. तो लगेच धुवायचा नसतो. मुरू द्यावा लागतो, आणि तोवर तिला चाटू द्यायचं नसतं. मी ओल्या फरशीवर मांडी घालून बसले, तिचं डोकं काखेत धरलं. कुर्ता चिंब झाला. बाहेर मायलेक हलक्या आवाजात बोलत होते. माझं नाव ऐकू आलं, मग ‘हट्टी’. पुढचं ऐकायला मी कान दिले नाहीत.

दारावर टकटक झाली. “झालं का गं? किती वेळ?” सासूबाई.

“लागेल तेवढा, आई.”

त्या तिथेच उभ्या होत्या. दाराखालच्या फटीत त्यांची पावलं दिसत होती. खारकेचा मागचा पाय हवेतच खाजवत होता, अंगाला न लागता, सवयीने. मी तो धरला नाही. नुसता हात तिच्या पोटावर ठेवला. पाय आणखी थोडा वेळ चालला, मग मंदावला, मग माझ्या मांडीवर टेकला.